उणे आलेला केएम

बायोकेमिस्ट्रीच्या पहिल्या चाचणीत मला वीसपैकी सहा गुण पडले. त्यातले दोन पाण्याच्या रेणूचं चित्र काढल्याबद्दल. उरलेले चार कशाचे ते मॅडमनाही नीट सांगता आलं नाही. "प्रयत्न दिसतोय," एवढंच म्हणाल्या.

विषय मी आवडीने घेतला म्हटलं तर खोटं होईल. बारावीला केमिस्ट्री बरी होती, बायोलॉजी बरी होती, नीटच्या मार्कांनी मात्र हात वर केले होते. बी.एस्सी.चा फॉर्म भरताना दोन्हींची नावं जोडलेला हा विषय दिसला आणि वाटलं, दोन्ही येतंय तर जोडून आलेलंही येईल. कॉलेज कोल्हापुरात, गाव एसटीने तासाभरावर, पण आईच्या हट्टाने हॉस्टेल घेतलं. दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावी-बारावी इंग्रजीत काढली खरी, पण ती क्लासच्या नोट्स घोकून. डोक्यातला कारभार विकर, प्रथिनं आणि तंतुकणिका असाच चालायचा.

त्यामुळे अभ्यास म्हणजे घोकंपट्टी हे ठरलेलंच होतं. कॉटच्या वर, पंख्याच्या बटणाशेजारी, वीस अमिनो आम्लांचा तक्ता चिकटवला. दात घासताना ग्लायसिन, अ‍ॅलॅनिन, व्हॅलिन. जेवणाच्या रांगेत एकाक्षरी नावं. ही एकाक्षरी नावं कुणी ठरवली त्यांच्यावर माझा अजून राग आहे. लायसिनला के, कारण एल आधीच ल्यूसिनने पळवलेला. ट्रिप्टोफॅनला डब्ल्यू. ग्लुटामिनला क्यू. एसटीत उशिरा चढलेल्यांना जी जागा उरेल ती मिळते, तसा प्रकार. पंधरा दिवस घोकलं आणि पेपरात प्रश्न आला: "पाण्यात विरघळणाऱ्या प्रथिनाच्या आतल्या भागात कोणती अमिनो आम्लं सापडतील, आणि का?" मी वीसच्या वीस लिहून आले.

सहा गुणांनंतर मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्या वहीत तोच तक्ता उघडला आणि विचारलं, "घरी लग्नकार्यात पंगत बसवलीयेस कधी?"

"वाढलंय, मॅडम."

"मग ही वीस माणसं पंगतीला बसव. पाण्याशेजारी कोण आनंदाने बसेल, पाण्याकडे पाठ करून कोण बसेल, कोणाच्या अंगावर चार्ज आहे, आणि कसला. नावं मागाहून येतील."

त्या रात्री बसवली पंगत. लायसिन आणि आर्जिनिन धन चार्जवाले, अ‍ॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक ऋण चार्जवाले. हे चौघं पाण्याकडे तोंड करून. ल्यूसिन, आयसोल्यूसिन, व्हॅलिन, फिनाइलअ‍ॅलॅनिन ही तेलकट मंडळी भिंतीकडे सरकणार. सिस्टीन दुसरा सिस्टीन दिसला की हात धरणार. ग्लायसिन एवढंसं पोर, कुठल्याही फटीत मावणारं. प्रोलिन मात्र मान वळवायलाच तयार नाही, त्यामुळे साखळी तिथे वाकडी होते. प्रथिन घडी घालतं म्हणजे तेलकट मंडळी पाण्यापासून तोंड लपवून आत जातात आणि चार्जवाली बाहेर राहतात, एवढं समजलं तेव्हा तो प्रश्न दोन ओळींचा होता हेही समजलं. तक्ता मी काढला नाही, पण त्याच्याकडे बघणं बंद झालं.

प्रॅक्टिकलची गोष्ट वेगळी. तिथे घोकून चालतच नाही, कारण नळी खोटं बोलत नाही आणि लॅबमधले मामा तर अजिबातच नाहीत. निनहायड्रिनची, म्हणजे अमिनो आम्लांना जांभळा रंग देणाऱ्या रसायनाची, बाटली हातमोज्याशिवाय उघडली म्हणून माझी तीन बोटं चार दिवस जांभळी होती. मेसमध्ये वाढणाऱ्या मावशींना वाटलं शाई. लाळेतल्या अमायलेजच्या, म्हणजे स्टार्च तोडणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या), प्रॅक्टिकलला अख्खी बॅच बीकरमध्ये थुंकण्यावरून अर्धा तास हसत होती. टाइलच्या खळग्यांत आयोडीनचे थेंब, दर मिनिटाला लाळ मिसळलेल्या स्टार्चचा एकेक थेंब त्यात. निळा, निळा, जांभळट, तपकिरी, आणि मग आयोडीनचा आपला पिवळा. स्टार्च संपला. एका मुलाचा निळा काही जाईना. त्याने लाळ थेट उकळत्या वॉटर बाथमध्ये ठेवली होती. मामांनी त्याला सांगितलं, "अंडं उकडलंस बाबा तू. आता त्यातनं पिल्लू निघंल होय?" तापमानाने एन्झाइमची घडी मोडते यावर मी पुढे बरंच वाचलं, पण याहून नेमकं वाक्य सापडलं नाही.

ओसाझोन मात्र मला मनापासून आवडलं. शर्करेत फिनाइलहायड्रॅझिन घालून उकळत्या पाण्यात ठेवायचं, गार करायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. ग्लुकोजच्या पिवळ्या सुयांची केरसुणी होते. माल्टोजचं सूर्यफूल. लॅक्टोजचा कापसाचा बोळा. मी फ्रुक्टोजची नळी घेऊन नवीन आकार बघायला बसले, तर पुन्हा केरसुणीच. चुकीची नळी उचलली म्हणून पुन्हा केलं, पुन्हा केरसुणी. मग पुस्तक उघडलं. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांच्यातला फरक पहिल्या दोन कार्बनपाशी आहे, आणि फिनाइलहायड्रॅझिन नेमकं तेच दोन कार्बन झाकून टाकतं. खालचं शरीर दोघांचं सारखंच. ही दोन भावंडं पुढे माझ्या फार कामाला आली.

पहिल्या सेमिस्टरमधलं आणखी एकच सांगते. ग्लायसिनचं टायट्रेशन. आम्लात भिजलेलं ग्लायसिन, बुरेटमधून अर्धा अर्धा मिली सोडियम हायड्रॉक्साइड, पीएच मीटरचा आकडा आणि आलेखावर ठिपका. दोन तास हेच. कंटाळा येऊन मी आकडे पुढे ढकलायच्या बेतात होते, तोच दिसलं की आकडा हलेनासा झालाय. अल्कली पडतेय आणि पीएच २.३ च्या आसपास रेंगाळतोय. मग एकदम उडी. पुन्हा ९.६ पाशी रेंगाळणं. पहिल्या ठिकाणी एक प्रोटॉन सुटतो, दुसऱ्या ठिकाणी दुसरा, आणि मध्ये ५.९७ ला ग्लायसिनवर धन तेवढंच ऋण, बेरीज शून्य. पुढच्याच आठवड्यात दुधातून केसीन हे प्रथिन वेगळं करायचं होतं. कोमट दुधात अ‍ॅसिटिक आम्ल थेंब थेंब घालत गेलो, पीएच ४.६ जवळ आला आणि दूध फाटलं. केसीनवरचा ऋण चार्ज तिथे संपतो, एकमेकांना लांब ढकलणारं काही उरत नाही, गोळे धरतात. मी आईला फोन केला की दूध नासतं तेव्हा नेमकं काय होतं ते मला कळलं. ती म्हणाली, "त्याला कॉलेज कशाला? भांडं नीट घासलेलं नसतंय."

सेमिस्टर संपलं. पास झाले. बेताचीच, पण एटीकेटी नाही.

दुसऱ्या सेमिस्टरला एन्झाइम्स आले आणि इथे मला जरा थांबायचंय.

यीस्टमधून काढलेलं इन्व्हर्टेज साखरेचे, म्हणजे सुक्रोजचे, दोन तुकडे करतं: एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. सुक्रोज रिड्यूसिंग नाही, म्हणजे दुसऱ्या रसायनाला इलेक्ट्रॉन देत नाही; तुकडे दोन्ही रिड्यूसिंग. त्यामुळे डीएनएसए हे त्यांच्यामुळे रंग बदलणारं रसायन घालून उकळलं की तुकडे जितके जास्त तितका रंग लालसर, आणि कलरीमीटरमध्ये ५४० नॅनोमीटरला तो मोजता येतो. सहा नळ्या, साखर चढत्या क्रमाने, एन्झाइम सगळ्यांत सारखं, वेळ पाच मिनिटं. मग वेगावरून केएम काढायचा, म्हणजे साखरेची अशी तीव्रता, जिथे एन्झाइम आपल्या कमाल वेगाच्या निम्म्याने काम करतं. कमाल वेग मला समजावून सांगायला कुणी लागलं नाही. आमच्या आबांचं गुऱ्हाळ आहे. चरकाशी मोळ्यांचा कितीही ढीग लावा, तो तासाला ओढायचा तेवढाच ऊस ओढतो.

वेग आणि तीव्रतेचा आलेख वाकडा येतो आणि वाकड्या रेषेवरून आकडा वाचणं अवघड, म्हणून दोन्हींचे व्यस्त घेऊन सरळ रेष काढायची पद्धत लाइनवीव्हर आणि बर्क यांनी १९३४ मध्ये दिली. मी सहा ठिपके टाकले, पट्टी लावली, आणि रेष उभ्या अक्षाला शून्याच्या खाली जाऊन छेदू लागली. गणित केलं. केएम उणे आला. कमाल वेगही उणे.

सरांनी वही हातात घेतली. "तीव्रता उणे? म्हणजे एन्झाइमने साखर उधार घेतली काय तुमच्याकडनं?" बॅच हसली. मीही हसले, आणि मग रेष थोडी वर सरकवून आकडा धन करावा का, असा विचार तिथेच मनात आला. शेजारच्या टेबलावर काहींचं तेच चाललं होतं. सरांना ते कळलं असावं. म्हणाले, "रेष हलवू नका. हात कुठे हलला ते शोधा."

शोधायला दोन दिवस लागले. स्टँडर्ड कर्व्ह ठीक होता. पिपेट ठीक होतं. शेवटी वहीच्या मागच्या पानावर त्या दिवशीच्या वेळा खरडलेल्या सापडल्या. रॅक मी उलटी धरली होती, म्हणून एन्झाइम सगळ्यांत गोड नळीपासून घालायला सुरुवात केली आणि सगळ्यांत पातळ नळी शेवटी आली. मध्ये मामांशी डिपॉझिटच्या पावतीवरून बोलणं झालं. थांबवताना मात्र डीएनएसए सहाही नळ्यांत भराभर ओतून मोकळी झाले. पहिल्या नळीला पाच मिनिटं मिळाली, शेवटच्या नळीला दोनसुद्धा नाहीत. आणि व्यस्त घेतले की सगळ्यांत पातळ नळीचाच ठिपका आलेखावर सगळ्यांत लांब जाऊन बसतो, तोच रेषेची शेपूट धरून तिला हवी तशी फिरवतो. माझी सगळी चूक नेमकी त्या एका ठिपक्यात साठली होती.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा केलं. पहिल्या नळीत एन्झाइम शून्य सेकंदाला, दुसरीत तिसाव्या, तिसरीत साठाव्या. पाच मिनिटं झाली की त्याच क्रमाने, त्याच अंतराने डीएनएसए. मामांना आधीच सांगितलं की अर्धा तास माझ्याशी बोलायचं नाही. केएम २८ मिलिमोलर आला. सरांनी सही केली आणि पहिला, उणे आकड्याचा आलेखही जर्नलमध्ये लावायला सांगितला.

केएम ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या मायकेलिस आणि मेंटेन यांनी १९१३ मध्ये बर्लिनमध्ये काम केलं ते याच इन्व्हर्टेजवर, हे मला नंतर कळलं. मॉड मेंटेन कॅनडाहून तिथे गेलेली डॉक्टर. त्यांच्याकडे कलरीमीटर नव्हता. साखरेच्या द्रावणातून प्रकाश पाठवून तो किती अंशांनी वळतो ते ते मोजत. सुक्रोज प्रकाशाला उजवीकडे वळवतं, तुटल्यावरचं मिश्रण डावीकडे, कारण फ्रुक्टोज ग्लुकोजला ओढून नेतं. चिन्ह उलटतं म्हणून इन्व्हर्ट, आणि उलटवणारं ते इन्व्हर्टेज. वाचताना मी अडकले ती एका बारीक गोष्टीपाशी: ठरलेल्या वेळी ते नमुन्यात अल्कली घालत. अल्कलीत एन्झाइम थांबतं. आमच्या डीएनएसएमध्येही सोडियम हायड्रॉक्साइड असतंच.

महाशिवरात्रीला घरी गेले तेव्हा गुऱ्हाळ चालू होतं. चुलवाणात चिपाडं, काहिलीत रस, वर आलेली मळी भेंडीच्या चिकाने धरून काढणं चाललेलं. गुळवे तात्यांनी चुन्याची निवळी ओतली. हे मी लहानपणापासून बघत आलेय आणि कधी विचारलं नव्हतं. विचारलं, तर म्हणाले, "रस आंबूस असतो. चुना नाही दिला तर गूळ बसत न्हाई, काकवीगत ऱ्हातो. जास्त झाला तर काळा पडतो." आणि शिळा ऊस? "तोडून चार दिस पडलेला ऊस आणला की कितीबी चुना घाल. गूळ पाझरणारच."

मी काहिलीशेजारी उभी राहून मनातल्या मनात नळ्या लावत होते. तोडलेल्या उसातलं इन्व्हर्टेज थांबलेलं नाही, पडल्या पडल्या साखर फोडतंय. रस आम्लधर्मी, त्यात उकळी. आम्लात उष्णतेने सुक्रोज एन्झाइमशिवायही तुटतं. जितकं तुटेल तितकं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि ते सुक्रोजचे स्फटिक नीट धरू देत नाहीत. चुन्याने आम्ल मारलं की तुटणं आवरतं. जास्त झाला की अल्कलीत तीच रिड्यूसिंग साखर करपट रंग धरते. आमच्याकडे मागच्या वर्षीचे गुळाचे दोन रवे, म्हणजे ढेपा, पाझरलेले होते, विकायचे राहिलेले. त्यातल्या एकाचा तुकडा आणि ताज्या रव्याचा एक तुकडा कागदात बांधून मी हॉस्टेलवर आणला. रूममेटने अर्धा ताजा रात्रीच संपवला.

सोमवारी मामांकडे बेनेडिक्टचं, म्हणजे रिड्यूसिंग साखर ओळखणारं, उरलेलं द्रावण मागितलं. तीन नळ्या: साखर, ताजा गूळ, पाझरलेला गूळ. साखर निळीच राहिली. गुळाच्या दोन्ही नळ्या विटेसारख्या लाल. म्हणजे फरक काहीच नाही? मामा मागून म्हणाले, "लई घट्ट केलंस." दोन्ही दहापट पातळ केले आणि पुन्हा उकळले. ताज्याची नळी हिरवट पिवळी, पाझरलेल्याची नारिंगी होऊन तळाला लाल साका. मी मोबाइलवर फोटो काढला. तो अजून आहे, प्रकाश वाईट आहे.

मेटाबोलिझमचं मला वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही, कारण तोवर मी एन्झाइमची नावं वाचायला शिकले होते. ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज हे घोकायला गेलं की जीभ अडकते. वाचलं की पूर्ण पत्ता आहे: कुणाकडे जातो आणि तिथे काय करतो, हायड्रोजन काढतो. ग्लायकोलायसिसच्या, म्हणजे ग्लुकोज तोडण्याच्या, दहा पायऱ्यांत फॉस्फेट कुठून कुठे गेला एवढंच बोट ठेवून बघितलं. सुरुवातीला दोन एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च, शेवटी चार कमाई, निव्वळ दोन. शाळेत एका ग्लुकोजचे ३८ एटीपी पाठ केले होते. इथे ३० ते ३२. सहा एटीपी कुठे गेले म्हणून मी खरोखर अस्वस्थ झाले. उत्तर साधं होतं. पूर्वी इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या एका एनएडीएचचे तीन आणि एफएडीएचटूचे दोन एटीपी धरायचे, आता अडीच आणि दीड धरतात, म्हणून बेरीज खाली आली. मॅडम म्हणाल्या की क्रेब्ज यांचा ग्लायकोलायसिसनंतरच्या सायट्रिक आम्लाच्या चक्रावरचा निबंध १९३७ मध्ये 'नेचर'ने परत पाठवला होता आणि १९५३ ला त्यांना नोबेल मिळालं. मला सहा गुणांची चाचणी आठवली, पण तुलना तिथेच सोडून दिली.

इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या साखळीत सायटोक्रोम सी हे प्रथिन आलं तेव्हा मॅडमनी फळ्यावर आणखी एक नाव लिहिलं: कमला सोहोनी. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये १९३३ साली मुलगी म्हणून आधी प्रवेश नाकारला, हटून बसल्यावर अटी घालून दिला. पुढे केंब्रिजला वनस्पतींमध्येही सायटोक्रोम सी असतो हे त्यांनी दाखवलं आणि १९३९ मध्ये पीएचडी घेऊन त्या परत आल्या. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. मला दुर्गाबाई पाठ्यपुस्तकातून माहीत होत्या. बहीण मात्र माहीत नव्हती, आणि मी तर त्यांच्याच विषयाची विद्यार्थिनी.

लिपिड्सही झाले. त्यांच्याबद्दल मला आजही ममत्व नाही. सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू, आयोडीन व्हॅल्यू, अ‍ॅसिड व्हॅल्यू. तीन व्याख्या परीक्षेच्या आदल्या रात्री वाचल्या आणि एकमेकींत मिसळल्या.

एप्रिलमध्ये प्रॅक्टिकल परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, आवाज मऊ. जर्नल चाळता चाळता उणे केएमच्या पानावर थांबले. "हे का लावलंय?" मी रॅकची, मामांची, दोन मिनिटांची हकिगत सांगितली. त्यांनी चष्मा काढला. "साखर आणि गूळ. बेनेडिक्ट कोण देईल?"

"साखर नाही देणार सर. गूळ देईल. पाझरलेला जास्त देईल, पण आधी दहापट पातळ करावं लागतं."

"करून बघितलंय?"

"हो सर."

"जर्नलमध्ये दिसत नाही."

"त्याच्यावर सही नाही सर. बॅचनंतर केलं होतं."

"सही नाही म्हणजे झालंच नाही," ते म्हणाले, पण हसत होते. मग त्यांनी चष्मा घातला, चार पानं उलटली आणि विचारलं, "सॅपोनिफिकेशन व्हॅल्यूची व्याख्या सांगा."